कपाटातली सीडी: ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ चोवीस वर्षांनी ऐकताना

कोमल_ऋषभ
रविवार, रात्री १०.२०

यंदाच्या पावसात आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल धरली आणि सीडींचं कपाट पुढे ओढावं लागलं. दोनशेच्या आसपास सीडी आहेत. एकेक डबी कोरड्या फडक्याने पुसून पलंगावर मांडत होते, तेवढ्यात सतारवादक पं. रविशंकर आणि पाश्चात्त्य व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ हाताला लागली. डबीची डावी खीळ तुटलेली, झाकण उचललं की सुटूनच येतं. आतली पुस्तिका उघडली तर शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं: ‘प्रभाती – रे चुकीचा. पुन्हा रे चुकीचा.’ अक्षर माझं. साल २००१.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि सहा वर्षं व्हायोलिन शिकत होते. आमचे सर व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारांना दैवत मानायचे. व्हायोलिन वाजवायचं नाही, गायचं, हे त्यांचं रोजचं वाक्य. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर टेकवायचं, डाव्या हाताच्या बोटांना खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात लावायचा. व्हायोलिनची मान सांभाळायची जबाबदारी त्या हातावर राहत नाही, म्हणून तो तारेवर वरपासून खालपर्यंत मोकळा फिरतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, लांब काढता येते. तेलाची ती डबी सरांच्या खिडकीत असायची आणि थंडीत गोठायची. नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे. मग क्लास सुरू व्हायच्या आधी कुणीतरी ती डबी मुठीत धरून बसायचं.

पहिल्या पगारात एम. जी. रोडवरच्या एका दुकानातून ही सीडी घेतली (ते दुकान आता नाही). अपेक्षा फार मोठी होती. मेनुहिन म्हणजे व्हायोलिनमधलं शेवटचं नाव. १९६६ साली इंग्लंडमधल्या बाथ महोत्सवात ते आणि रविशंकर एकत्र वाजवायला बसले. तो महोत्सव त्या काळात मेनुहिनच सांभाळत होते. त्यातून हा अल्बम झाला. त्याला ग्रॅमी मिळालं, तेही चेंबर म्युझिकच्या विभागात, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या घरात. भारतीय कलाकाराला मिळालेलं ते पहिलं ग्रॅमी.

आणि घरी येऊन त्यातली पहिलीच रचना ‘प्रभाती’ लावली, तर माझा विरस झाला. ‘प्रभाती’ गुणकलीवर बेतलेली आहे. भैरव थाटातला राग, गंधार-निषाद वर्ज्य, ऋषभ (म्हणजे रे) आणि धैवत कोमल. सरांनी शिकवलेला गुणकलीचा रे मध्यमावरून सावकाश घसरत यायचा आणि षड्जाला टेकून बसायचा. मेनुहिनांचा रे मात्र थरथरत होता. पाश्चात्त्य व्हायोलिनमध्ये स्वरावर बोट हलवत ठेवतात, व्हायब्रॅटो म्हणतात तो. त्यामुळे मला तो रे जागेवर बसलेला वाटेना. दोनदा ऐकलं, दोनदा पेन्सिल उचलली आणि सीडी कपाटात गेली ती गेलीच.

परवा पुन्हा लावली. घरात कुणी नव्हतं, बाहेर धो धो पाऊस. आणि ‘प्रभाती’ सुरू झाल्यावर मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

रे आजही मला सरांचा वाटत नाही. पण या वेळी मी रेची वाट बघत बसले नव्हते, त्यामुळे बाकीचं ऐकू आलं. सतार नाही. व्हायोलिन, खाली तानपुरा आणि अल्लारखाँचा तबला, एवढंच. व्हायोलिन सर्वात खालच्या तारेवर जातं तेव्हा त्याचा आवाज लाकडासारखा होतो. जुन्या वाड्याचं दार पहाटे हळूच उघडावं तसा. तो आवाज आपल्या बैठकीच्या व्हायोलिनमधून मी कधी ऐकला नाही. हा माणूस भारतीय असल्यासारखं वाजवायला जात नाही, हे त्या वयात मला कळलंच नव्हतं. तो स्वतःच्या आवाजात, जपून, एकेक पाऊल टाकत रागाच्या दारापर्यंत येतो.

‘पूरिया कल्याण’मध्ये मेनुहिन नाहीत. रविशंकर आणि अल्लारखाँ. त्याबद्दल काय लिहू? संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला लावा, बस.

‘स्वर-काकली’ तिलंग रागातली, त्यात दोघंही आहेत. इथे मात्र माझं जुनं मत फारसं बदललं नाही. शेवटच्या सवाल-जवाबात सतारीचा प्रत्येक तुकडा पुढे काहीतरी येणार असं सुचवत थांबतो आणि व्हायोलिन तोच तुकडा स्वच्छ, नीटनेटका परत देतं. उत्तर बरोबर असतं, पण त्यातून पुढचा प्रश्न निघत नाही.

माझ्या सीडीत या अल्बमच्या पुढच्या खंडातला ‘पिलू’ रागही आहे. संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्क दिनाला, १० डिसेंबर १९६७ रोजी, दोघांनी पिलू वाजवला होता. तो मला सगळ्यात जास्त आवडला. कारण आता थोडं उमगतं. पिलूत बाराही स्वरांना मुभा आहे. कोमल गंधार, शुद्ध गंधार, दोन्ही निषाद, ठुमरीचा स्वभाव. तिथे थरथरणारा स्वर खटकत नाही, उलट लाडात आल्यासारखा वाटतो.

माझ्या मनात घोळतंय ते असं: ‘मेनुहिनांनी लिहिलेलं वाचून वाजवलं’ ही माझी मूळ तक्रार. त्यांचा भाग बराचसा आधी लिहिलेला होता, हे खरंच आहे. पण त्यामुळेच तो रे तसा लागला का? तुमच्यापैकी कुणी हा अल्बम ऐकला असेल तर लिहा. मला मनापासून जाणून घ्यायचंय.

---

मृण्मयी_ग
रविवार, रात्री १०.५८

किती सुंदर लिहिलंयस. तेलाची डबी मुठीत धरून बसणारी मुलं डोळ्यांपुढे आली. आमच्याकडे पेटीच्या क्लासला थंडीत बोटं चालायची नाहीत म्हणून बाई आधी गरम दूध द्यायच्या.

मी हा अल्बम ऐकलेला नाही. आता ऐकते.

---

तिरकिट
सोमवार, सकाळी ७.१५

मी तबल्याचा माणूस, त्यामुळे मला या अल्बमात अल्लारखाँसाहेबच ऐकू येतात. ‘प्रभाती’त त्यांनी काय केलंय तेवढं सांगतो.

भारतीय वादकाबरोबर तबलजी बसतो तेव्हा ‘सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आहे’ हे कुणी कुणाला सांगत नाही, दोघांनाही ती ठाऊक असते. म्हणून तबलजी बिनधास्त लांब जाऊ शकतो. इथे समोरचा माणूस आयुष्यभर कागदावरच्या मात्रा मोजत आलेला. खाँसाहेबांनी ‘प्रभाती’त ठेका इतका स्वच्छ ठेवलाय की व्हायोलिनला मागे वळून बघावं लागू नये. बायाँ (डग्गा) फुगवत नाहीत, लांब परण (जोरकस बांधलेले बोल) घेत नाहीत. पंजाब घराण्याचा हा माणूस, लयकारीचा डोंगर! त्यानं स्वतःला इतकं आवरणं म्हणजे मोठं काम आहे. लहान मुलाला सायकल शिकवताना मागून सीटला फक्त बोट लावून धावतात ना, तसं.

नंतर लगेच ‘पूरिया कल्याण’ ऐका. तेच बोट तिथे काय काय करतं ते कळेल.

---

सातपूरचा_श्रोता
सोमवार, दुपारी १.३०

लेख प्रामाणिक आहे, त्यामुळे माझं मतही प्रामाणिकपणे मांडतो.

मला हा सगळा प्रकार पटत नाही. तुमची २००१ सालची पेन्सिल बरोबर होती. ज्या रागाला आपण वर्षं देतो, तो एका महोत्सवासाठी थोडक्यात शिकून वाजवायचा आणि जगाने त्याला पूर्व-पश्चिमेची भेट म्हणायचं, हे मला रुचत नाही. व्हायोलिनच ऐकायचं तर पं. व्ही. जी. जोग आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची जुगलबंदी ऐका. व्हायोलिन मूळ परदेशी, शहनाई देवळाच्या दारातली. ती खरी भेट. कारण जोगांनी ते वाद्य आधी पूर्ण आपलं करून घेतलं होतं.

आणि तुम्ही दातारांचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. दातारांनी तरुणपणी गायक पं. द. वि. पलुस्करांना साथ केली होती. पलुस्करांचा जन्म १९२१ सालचा, आपल्या नाशिकचा. त्यांचे वडील पं. विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात इथेच पंचवटीत रामनामात रमलेले. म्हणजे तुमच्या सरांच्या खिडकीतली ती तेलाची डबी ज्या परंपरेतून आली, ती याच गावातून जाते. एवढं घरात असताना बाथला कशाला जायचं?

---

कोमल_ऋषभ
सोमवार, रात्री ९.०५

@तिरकिट, सायकलच्या सीटला लावलेलं बोट! आता ‘प्रभाती’ तशीच ऐकू येणार.

@सातपूरचा_श्रोता, पलुस्करांच्या बाबतीत शंभर टक्के. त्यांचा आवाज ऐकला की आजही मी हातातलं काम थांबवते. अवघी चौतीस वर्षं मिळाली त्या माणसाला. जोग-बिस्मिल्ला खाँही माझ्या आवडीचे. पण ‘थोडक्यात शिकून’ म्हणालात तिथे थोडं थांबावंसं वाटतं. मेनुहिन १९५२ साली पहिल्यांदा भारतात आले, तेव्हा दिल्लीत त्यांनी रविशंकरांना ऐकलं. १९५५ साली त्यांनीच न्यूयॉर्कला भारतीय संगीताचा कार्यक्रम घडवून आणला. रविशंकरांना जमलं नाही म्हणून उस्ताद अली अकबर खाँ गेले आणि तिथे झालेल्या ध्वनिमुद्रिकेच्या सुरुवातीला श्रोत्यांना सरोद-तबल्याची ओळख करून देणारा आवाज मेनुहिनांचा आहे. म्हणजे हातात व्हायोलिन घेऊन रागाला भिडण्याआधी त्यांनी चौदा वर्षं ऐकण्यात घालवली. मी सहा वर्षांच्या शिक्षणावर पेन्सिल चालवली होती.

---

खडीसाखर
सोमवार, रात्री ९.४०

अवांतर, पण फार अवांतर नाही. त्याच १९५२ च्या दौऱ्यात मेनुहिनांना आपल्या पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार भेटले. मेनुहिनांना दुखणी आणि थकवा यांनी घेरलं होतं. अय्यंगारांकडून योग शिकल्यावर त्यांचा हात सुधारला. पुढे त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिलं, त्याच्या मागे कोरलेलं होतं की माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकाला. अय्यंगारांनी व्हायोलिन कधी हातात धरलं नव्हतं! १९६६ साली त्यांचं योगावरचं इंग्रजी पुस्तक आलं, त्याची प्रस्तावना मेनुहिनांची. म्हणजे बाथचं वर्ष आणि प्रस्तावनेचं वर्ष एकच.

माझे गुडघे अय्यंगार पद्धतीच्या वर्गानेच सावरलेत, म्हणून ही गोष्ट मला पाठ आहे.

---

पंचवटीकर
मंगळवार, सकाळी ६.५०

कोमलताई, तुमचा लेख काल रात्री वाचला आणि सकाळ होईपर्यंत धीर धरवला नाही.

तुमच्या सीडीत अर्धाच अल्बम आहे.

माझ्याकडे मूळ एलपी (मोठी तबकडी) आहे, थोरल्या भावाने मुंबईहून आणलेली. तिच्या पहिल्या बाजूला तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी: प्रभाती, पूरिया कल्याण, स्वर-काकली. दुसरी बाजू उलटली की सतारही नाही, तबलाही नाही. तिथे व्हायोलिन आणि पियानो आहे. जॉर्ज एनेस्कू या रुमानियन संगीतकाराचा तिसरा सोनाटा (काही भागांत बांधलेली वाद्यरचना), ए मायनरमधला. पियानोवर मेनुहिनांची धाकटी बहीण हेफ्झिबा. सीडी काढताना सगळ्या खंडांतला भारतीय भाग एकत्र केला असावा आणि हा सोनाटा बाहेर राहिला. आमच्याही घरी ती बाजू फारशी कुणी लावत नसे. भाऊ म्हणायचा, ‘ती साहेबाची बाजू.’ मी निवृत्त झाल्यावर निवांतपणे ऐकू लागलो.

एनेस्कू हे मेनुहिनांचे गुरू. मेनुहिन अकरा वर्षांचे असताना, १९२७ साली, पॅरिसला त्यांच्याकडे शिकू लागले. सोनाटा त्याच्या आदल्याच वर्षीचा. एनेस्कूंनी त्याच्या नावातच लिहून ठेवलंय की हा रुमानियाच्या लोकसंगीताच्या ढंगाचा आहे. तिकडच्या खेड्यांत लग्नाला, मयताला वाजवणारे व्हायोलिनवाले असतात, त्यांच्या वाजवण्यातून आलेला. आणि ते लोक स्वर थेट पकडत नाहीत. खालून येतात, वरून घसरतात, दोन स्वरांच्या मधल्या जागेत रेंगाळतात.

आता यावर मी पुढे लिहीत नाही, तुम्ही ऐकाच. रविवारी संध्याकाळी या. आमच्या सौ.नाही व्हायोलिनची आवड आहे. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय, गाडी अलीकडेच लावा आणि चालत या.

---

वाचनमात्र
मंगळवार, दुपारी १२.१०

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. मी बावीस वर्षांचा आहे, सीडी घरात पाहिल्या आहेत पण लावल्या नाहीत, सगळं फोनवरच ऐकतो. काल ‘प्रभाती’ तीनदा ऐकली. रागातलं मला काही कळत नाही, तरी सुरुवातीला जिथे तबला अजून आलेला नसतो तिथे घशाशी काहीतरी आलं. काकांनी लिहिलेला सोनाटा फोनवर मिळेल का? कुठल्या नावाने शोधू?

---

पंचवटीकर
मंगळवार, दुपारी ४.००

@वाचनमात्र, मिळेल. एनेस्कू, व्हायोलिन सोनाटा क्रमांक तीन, मेनुहिन. दोन ध्वनिमुद्रणं सापडतील. एक १९३६ सालचं, तेव्हा मेनुहिन एकोणीस वर्षांचे आणि हेफ्झिबा पंधरा. दुसरं या अल्बमातलं, तीस वर्षांनंतरचं. दोन्ही ऐका. बहीण-भाऊ तेच, सोनाटा तोच.

---

कोमल_ऋषभ
रविवार, रात्री ११.३५

आत्ताच पंचवटीतून आले. चपला अजून ओल्या आहेत. उद्या शाळा आहे, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

काकांच्या वाड्यात माडीवर प्लेअर आहे. त्यांनी एलपी पाकिटातून काढली ती दोन तळहातांच्या मध्ये, कडांना धरून. मखमलीच्या पट्टीने तीनदा, फिरत्या रेघांच्या दिशेने पुसली. मग सुईवरची धूळ एका बारीक कुंचल्याने, मागून पुढे, एकदाच. यात त्यांनी कसलीच घाई केली नाही. काकू तोवर चहा घेऊन आल्या. ‘पहिली बाजू तुम्ही ऐकलीय, थेट दुसरी लावतो,’ म्हणाले. खर्र आवाज, आणि पियानो.

पहिला भाग ऐकताना मी गोंधळलेलीच होते. सूर उदास, पण धरता येईना. आपल्याला आधाराला षड्ज लागतो, इथे पियानो पायाखालची सतरंजी सारखी हलवत राहतो. काका काही बोलले नाहीत.

दुसरा भाग सुरू झाला. पियानोवर वरच्या पट्टीत एकच स्वर. पुन्हा तोच. पुन्हा तोच. रात्री शेतात एकच किडा ओरडत राहतो, तसा. आणि त्यावर व्हायोलिन आलं ते इतकं बारीक, की मला आधी ते घाटावरून कुठूनतरी येतंय असं वाटलं. तारेवर बोट पूर्ण न दाबता नुसतं टेकवून काढलेले बासरीसारखे स्वर. मग आवाज हळूहळू अंगावर आला, खालच्या तारांवर उतरला, आणि तिथे एक स्वर खालून निघाला. निघाला म्हणजे लागला नाही. सरकत आला, थोडा थबकला, पोहोचायच्या जरा अलीकडे थरथरला आणि मग बसला.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. ती मींड होती. तिला दुसरं नाव नाही. सरांनी मला जी दोन वर्षं घोटून घेतली, तीच. काका म्हणाले, ‘हं?’ आणि सुई उचलून तो भाग पुन्हा लावला.

त्यानंतर आम्ही पहिली बाजू लावली. लगेच. ‘प्रभाती’. आणि मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटतं.

काकांकडे सोनाट्याच्या स्वरलिपीची छापील प्रत आहे. मला ती धड वाचता येत नाही, पण त्यांनी बोट ठेवून दाखवलं. एनेस्कूंनी सगळं लिहिलेलं आहे. कुठे सरकायचं, बो (गज) कुठे दाबायचा, कुठे थरथर ठेवायची आणि कुठे स्वर कोरा सोडायचा, स्वर नेहमीच्या जागेपासून किंचित कुठे ढळवायचा. एकेका ओळीवर खुणांची रांगोळी आहे. म्हणजे तो सोनाटाही ‘लिहिलेलं वाचून’च वाजवलेला आहे! आणि तरी तो त्या क्षणी सुचल्यासारखा येतो. मग ‘प्रभाती’तला रे लिहिलेला असल्यामुळे तसा लागला, हे माझं म्हणणं टिकत नाही.

फरक दिवसांचा आहे. एनेस्कूंचा सोनाटा मेनुहिनांच्या अंगात १९३६ च्या आधीपासून होता. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या समोर बसून शिकलेला, बहिणीबरोबर तीस वर्षं वाजवलेला. गुणकली त्यांच्या हातात किती दिवस होती? राग ऐकून चौदा वर्षं झाली असतील, पण हाताला तो नवा होता. त्यामुळे जो हात सोनाट्यात दोन स्वरांच्या मधल्या जागेत मनसोक्त फिरतो, तोच हात ‘प्रभाती’त त्या जागेच्या काठावर थांबतो. त्याला तिथे जाता येत होतं. माझा तर्क असा की त्यानं स्वतःला आवरलं, कारण ती जागा दुसऱ्याच्या देवघरातली होती.

आणि हे मला सीडीवरून कधीच कळलं नसतं. एका बाजूला तुमच्याकडचं, उलटल्यावर आमच्याकडचं, असं त्या लोकांनी शेजारी शेजारी ठेवलं होतं. सीडी करताना दोन्ही बाजू वेगळ्या केल्या आणि आपल्या हाती फक्त त्यांची आपल्या घरी दिलेली भेट आली. ते स्वतःच्या घरी कसे असतात, ते दिसलंच नाही.

---

सातपूरचा_श्रोता
सोमवार, सकाळी ८.२०

रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि फोनवर सोनाट्याचा दुसरा भाग ऐकला. नंतर तिसराही.

माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. ‘स्वर-काकली’ मला अजूनही दोन मोठ्या माणसांचा छोटा कार्यक्रम वाटतो. पण मेनुहिनांना मी जे पाहुणा समजत होतो ते चूक होतं. त्या खेड्यातल्या वादकांचं व्हायोलिन आणि आपली सारंगी यांच्यात मला फार अंतर वाटलं नाही. आमच्या आजोबांच्या गावी, सिन्नरकडे, एक चिकारावाला यायचा. चिकारा म्हणजे सारंगीसारखंच गजाचं लोकवाद्य. गजाच्या एका ओढीत रडायचा आणि हसायचा. सोनाटा ऐकताना तो आठवला. चाळीस वर्षांत आठवला नव्हता.

गेल्या सोमवारी मी विचारलं होतं, घरात असताना बाथला कशाला जायचं. जोगांनी परकं वाद्य आपलं केलं म्हणून त्यांचं मोल मला जास्त वाटत होतं. एनेस्कूंनी गावचं वाजवणं कागदावर आणलं, हे कामही त्याच तोलाचं आहे.

---

तिरकिट
सोमवार, सकाळी ९.००

@सातपूरचा_श्रोता, चिकाऱ्यावर वेगळा धागा काढाच. मनापासून विनंती.

सोनाट्यात तबला नाही, तरी मी लय शोधत बसलो होतो. पहिल्या भागात ती सापडत नाही कारण ती आलापासारखी सैल आहे. तिसऱ्या भागात मात्र पियानोचा डावा हात पायाने ठेका धरल्यासारखा येतो. तिथे मांडीवर हात आपोआप गेला.

---

मृण्मयी_ग
सोमवार, दुपारी ३.१५

काका, पुढच्या रविवारी मलाही यायचंय. आईलाही आणू का? तिला जिना चढायला वेळ लागतो, पण तिनं पलुस्करांना लहानपणी प्रत्यक्ष ऐकलंय.

---

पंचवटीकर
सोमवार, दुपारी ४.४०

अवश्य आणा. माडीवर चढायची गरज नाही, प्लेअर खाली ओटीवर आणून ठेवतो. पलुस्करांच्या तबकड्याही काढून ठेवतो. तुमच्या मातोश्रींकडून ऐकायचंय की ते समोर कसे बसायचे.

पाणी आज ओसरलंय. गाडी वाड्यापर्यंत येईल.

---

वाचनमात्र
सोमवार, रात्री १०.०५

ताई, तुम्ही लिहिलेला तो स्वर, खालून सरकत येणारा, तो नेमका कुठे आहे? मी दुसरा भाग दोनदा ऐकला. मला बरेच सरकणारे स्वर ऐकू येतात, तुमचा कुठला ते कळत नाही.

---

कोमल_ऋषभ
सोमवार, रात्री १०.३०

@वाचनमात्र, बासरीसारखा आवाज संपतो आणि व्हायोलिन पहिल्यांदा खालच्या तारेवर उतरतं, तिथून पुढे. मिनिट-सेकंद सांगू शकले असते, पण एलपीवर ते दिसत नाहीत. हेडफोन लाव, दिवा मालव, आणि पियानोचा तो एकच स्वर मोजू नकोस, नुसता चालू दे. तुला जो स्वर थांबवेल तो कदाचित वेगळा असेल, तोही लिही.

मी आज शाळेतून येताना तारांचा नवा संच घेऊन आले. व्हायोलिनची पेटी अकरा वर्षांनी उघडली. घोडी (तारांखालचा लाकडी आधार) पडलेली होती, ती उभी केली, पण खुंट्या फुगल्यात, सूर धरत नाहीत. सरांकडे फोन केला, त्यांनी बुधवारी बोलावलंय. त्यांना मी सोनाट्याबद्दल सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘येताना तो घेऊन ये.’